रोजचा रस्ता आणि रेस ट्रॅक: एकाच गाडीसाठी टायर कसे निवडावेत?

अंबरनाथची ओळख एकेकाळी शिलाहारकालीन शिवमंदिर, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि काडेपेट्या अशी होती. गेल्या काही वर्षांत तिच्यात टायरची भर पडली आहे. १९२४ मध्ये इटलीतील तुरीन शहरात स्थापन झालेल्या आणि १९५८ पासून भारतात असलेल्या सिएट कंपनीचा एक कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. मात्र तेथे तयार होतात ते शेतीचे ट्रॅक्टर आणि तत्सम रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांचे टायर. गावात वेगवान मोटारगाडी बाळगणाऱ्याला आपल्या गाडीसाठी टायर हवा असेल, तर त्याला कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबईची वाट धरावी लागते.

अशा गाड्यांची संख्या आता अगदीच नगण्य राहिलेली नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांच्या वाहनतळावर एखादी जर्मन स्पोर्ट्स कार क्वचित दिसते. पण चाकणच्या कारखान्यातून आलेल्या व्हर्टस जीटी किंवा २०२२ पर्यंत तेथेच तयार होणाऱ्या पोलो जीटीसारख्या, दिसायला घरगुती आणि स्वभावाने खोडकर गाड्या सर्रास दिसतात. त्यांचे मालक सोमवार ते शुक्रवार कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेले असतात आणि वर्षातून एक-दोनदा गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जातात. अशा दुहेरी संसार करणाऱ्या गाडीला टायर कोणता घालावा, हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. गाडीचे इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग ही सारी यंत्रणा शेवटी रस्त्याशी बोलते ती चार तळहातांएवढ्या रबराच्या तुकड्यांमधूनच.

ट्रॅक दूर आहे, हे आधी ध्यानात घ्यावे

युरोप-अमेरिकेतील मार्गदर्शक पुस्तिका गृहीत धरतात की ट्रॅक घरापासून तास-दोन तासांवर आहे. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. देशातील नावाजलेले ट्रॅक मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून सुरू आहे. त्याआधी शर्यती होत त्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा सर्वांत मोठा; तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर अनेक मुलांनी शर्यतीचे पहिले धडे गिरवले, आणि अलीकडे तळेगावजवळ नाणोली येथे चढउतारांचा खासगी ट्रॅक उभा राहिल्याने मुंबई-पुण्याच्या हौशी चालकांची सोय झाली आहे. तरीही ज्याला चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी चालवायची आहे, त्या अंबरनाथकराला जाताना सुमारे तेराशे किलोमीटर आणि येताना तितकेच अंतर कापावे लागते.

म्हणजे ट्रॅकवर गाडी फार तर शंभर-दीडशे किलोमीटर धावणार आणि त्यासाठी अडीच हजारांहून अधिक किलोमीटरचा महामार्ग तुडवणार. टायरची निवड करताना हे गुणोत्तर सर्वांत महत्त्वाचे. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत दोन सेकंद वाचवणारा टायर परतीच्या वाटेवर कोल्हापूर-साताऱ्याच्या पावसात गाडी रस्त्यावर ठेवू शकला नाही, तर त्या दोन सेकंदांचा हिशेब कोणी मांडायचा?

पावसाचे गणितही येथे वेगळे आहे. अंबरनाथला पाऊस जून ते सप्टेंबर. तो कसा असतो हे २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तेव्हा, साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. चेन्नईचा पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. दिवाळीनंतर आपल्याकडे आकाश निरभ्र झाले म्हणून कोरड्या ट्रॅकच्या भरवशावर निघालेला चालक तेथे ओलाचिंब ट्रॅक पाहतो. दोन्ही मोसम जमेस धरले, तर या गाडीच्या टायरवर वर्षातील सहा-सात महिने पाणी पडण्याची शक्यता असते.

रस्त्याचा टायर ट्रॅकवर का दमतो?

साध्या टायरचे रबर दीर्घकाळ टिकावे, पेट्रोल कमी लागावे आणि आवाज कमी यावा, या हेतूने बनवलेले असते. त्याच्या माथ्यावरच्या खाचा नव्या टायरमध्ये सात-आठ मिलिमीटर खोल असतात आणि खाचांमधले रबराचे ठोकळे उंच, त्यामुळे लवचीक. जोरात वळण घेतले की हे ठोकळे वाकतात, आपापसांत घासतात आणि तापतात. रस्त्यावर असे वळण क्वचित येते आणि मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर मात्र दर फेरीत दहा-बारा वेळा हेच घडते. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत रबर इतके तापते की ते चिकटण्याऐवजी माखू लागते. स्टिअरिंग बधिर होते, गाडी पुढून घसरू लागते, आणि चालकाने तेव्हाही आवरते घेतले नाही तर ठोकळ्यांच्या कडांचे लचके निघतात.

ट्रॅकसाठीच्या टायरची रचना याच्या उलट असते. खाचा कमी आणि उथळ, ठोकळे मोठे, बाजूची भिंत ताठ, आणि रबराचे मिश्रण असे की साधारण ऐंशी-शंभर अंश तापमानाला ते उत्तम पकड देते. पण सकाळी सात वाजता बदलापूर पाइपलाइन रस्त्यावरून निघालेल्या गाडीचा टायर त्या तापमानाच्या जवळपासही पोहोचत नाही. थंड असताना तो साध्या चांगल्या टायरपेक्षा कमी पकड देऊ शकतो, आणि उथळ खाचांमुळे साचलेल्या पाण्यात तर तो अगदीच लाचार ठरतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अर्धा झिजलेला रस्त्याचा टायर कोरड्या ट्रॅकवर नव्या टायरपेक्षा चांगला वागतो, कारण ठोकळे बुटके झालेले असतात आणि वाकत नाहीत. परदेशात काही मंडळी यासाठी नवा टायर मुद्दाम तासून घेतात! आपल्याकडे तो उपद्व्याप करण्याची गरज नाही. टायर चार-साडेचार मिलिमीटरवर आला असेल तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, ट्रॅकवर न्यावा आणि पावसाळ्यापूर्वी नवे टायर घालावेत, हा व्यवहारी मार्ग आहे.

पाच प्रकारांतून एक

बाजारात मिळणारे टायर ढोबळमानाने पाच पायऱ्यांवर मांडता येतात. पहिली पायरी आरामदायी प्रवासी टायरची. बहुतेक गाड्या कारखान्यातून तेच घालून येतात. दुसरी अतिकार्यक्षम रस्त्याच्या टायरची. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा ही त्यातली परिचित घराणी. अपोलो कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेल्या नेदरलँड्सच्या व्रेडेस्टाइन या नावाचे टायरही आता भारतात मिळतात आणि सिएट, एमआरएफ, जेके या देशी कंपन्यांनीही या पायरीवर पाऊल ठेवले आहे. तिसरी पायरी रस्त्यावर चालणाऱ्या पण मनाने ट्रॅकवर असणाऱ्या टायरची. योकोहामाचा अॅडव्हान निओवा हे त्याचे जुने उदाहरण. चौथी अर्ध-स्लिक टायरची. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २ किंवा टोयोचा आर८८८आर त्यात मोडतात. आणि पाचवी, संपूर्ण गुळगुळीत स्लिक टायरची.

पाचवी पायरी कायद्यानेच बाद होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील टायरविषयक तरतुदीनुसार मोटारगाडीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा माथा झिजून त्यांच्या पातळीला आला की टायरचे रस्त्यावरचे आयुष्य संपले. मात्र १.६ ही कायद्याची मर्यादा झाली, कोकणातल्या पावसाची नव्हे. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकण्यात उणा पडू लागतो, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली मोजून तीनच्या आसपास असेल तर टायर बदललेला बरा.

उरलेल्या चारांपैकी वर्षातून एक-दोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी दुसरी पायरी हेच योग्य उत्तर आहे, आणि याबाबत फारसा वाद होऊ नये. हा टायर ओल्या रस्त्यावर उत्तम असतो, कोरड्या ट्रॅकवर सलग पाच-सहा फेऱ्या तग धरतो आणि घरी परत आणतो. वर्षातून पाच-सहा ट्रॅक दिवस गाठणाऱ्याने तिसऱ्या पायरीचा विचार करावा, पण पावसाळ्यात वेग कमी ठेवण्याची तयारी हवी. चौथी पायरी केवळ ज्याच्याकडे चाकांचा दुसरा संच आहे, त्याच्यासाठी. पहिल्या पायरीचा टायर ट्रॅकवर नेऊच नये असे नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो उलट चांगले शिकवतो, कारण तो घसरण्याआधी भरपूर ओरडतो आणि कमी वेगातच चुका दाखवून देतो. फक्त दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याला विश्रांती द्यावी लागते.

टायरच्या कुशीवर लिहिलेली कुंडली

टायरच्या बाजूच्या भिंतीवर जे अंक-अक्षरे कोरलेली असतात, त्यात विक्रेता सांगतो त्याहून अधिक माहिती असते. उदाहरणादाखल ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ ही खूण घ्यावी. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भारांक एका टायरला ६१५ किलो वजन पेलता येते असे सांगतो, आणि व्ही हे अक्षर ताशी २४० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा किंवा खालच्या वेग-अक्षराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. ट्रॅकवर कोणी २४० ने जात नसले, तरी वरच्या अक्षराचा टायर उष्णता सोसण्यासाठी बांधलेला असतो, आणि प्रश्न तर उष्णतेचाच आहे.

अमेरिकी पद्धतीनुसार अनेक टायरवर झिजेचा अंकही असतो. १०० हा प्रमाण टायर धरून त्याच्या तुलनेत हा अंक दिला जातो. ३०० अंकाचा टायर त्या चाचणीत तिप्पट टिकला असे समजावे. अंक जितका लहान, तितके रबर साधारणतः मऊ आणि पकड अधिक. आरामदायी टायर ४०० च्या वर असतात, दुसऱ्या पायरीचे ३०० च्या आसपास, तिसऱ्या पायरीचे २०० च्या आसपास. मात्र ही चाचणी कंपनीच स्वतः करून अंक देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना या अंकावरून करावी, दोन कंपन्यांची करू नये. त्याच्याजवळ असलेले ‘एए’ किंवा ‘ए’ हे अक्षर ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्यापुरते आहे. वळणातल्या पकडीविषयी ते काहीही बोलत नाही.

आकार बदलण्याचा मोह बहुतेकांना होतो. १६ इंचांऐवजी १७ इंचांचे रिम घातले की गाडी देखणी दिसते. हरकत नाही, पण एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो आणि २२५/४५ आर १७ चा सुमारे ६३४. हा बदल चालण्याजोगा. त्याऐवजी २१५/५० आर १७ घेतला तर व्यास ६४७ मिलिमीटरच्या घरात जातो, वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि खड्ड्यात चाक मडगार्डला घासण्याचा संभव असतो. शिवाय भिंत जितकी बुटकी तितकी खड्ड्याची झळ रिमला अधिक. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर अंबरनाथ-उल्हासनगरच्या आतल्या रस्त्यांची जी अवस्था होते, ती पाहता बुटक्या टायरच्या भिंतीला फुगा येणे आणि रिम वाकणे ही नेहमीची बाब ठरते. फुगा आलेला टायर म्हणजे आतले धागे तुटलेला टायर. तो रोजच्या वापरातही धोक्याचा, आणि ट्रॅकवर तर त्याला नेणे हा शुद्ध वेडेपणा. देखणेपणाची हौस असलेल्यांना हे रुचणार नाही, पण या पट्ट्यात राहणाऱ्याने रिम मोठे करण्याऐवजी मूळ मापातच चांगला टायर घालावा. ट्रॅकवरही हलके चाक जड चाकापेक्षा उपयोगी पडते.

ओल्या रस्त्यावरचे चौदा मीटर

टायरच्या निवडीत नेमके काय पणाला लागते, हे साध्या गणिताने दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीने ओल्या रस्त्यावर ब्रेक लावले. टायर आणि रस्त्यामधील घर्षणांक ०.७ असेल तर गाडी सुमारे ३६ मीटरवर थांबते. तोच ०.५ असेल तर सुमारे ५० मीटर लागतात. फरक चौदा मीटरांचा, म्हणजे तीन गाड्यांच्या लांबीहून अधिक. याहून बोलका आकडा दुसरा आहे. चांगल्या टायरची गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्या जागेवरून कमी पकडीची गाडी अजून ताशी ४३ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असते. समोर रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर हा फरक मरणजन्माचा.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याची गोष्ट याहून वेगळी. पाण्याचा थर खाचांना बाहेर फेकता आला नाही की टायर आणि डांबर यांच्यात पाण्याची पाचर शिरते आणि स्टिअरिंग-ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात याचे एक सूत्र मांडले: हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. त्यानुसार ३२ पीएसआय दाबाला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, तर २६ पीएसआयला सुमारे ८५. मोटारीच्या रुंद आणि झिजलेल्या टायरबाबत तो याहूनही कमी असू शकतो. द्रुतगती महामार्गावर मोटारी याच वेगाच्या आसपास धावतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या मुद्द्याचे गांभीर्य कळेल.

हवेचा दाब: जाताना आणि येताना

तापमान वाढले की टायरमधील हवेचा दाब वाढतो. ढोबळमानाने दर सहा अंशांना एक पीएसआय. ट्रॅकवर हवा तीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापली, तर दाब सहा-सात पीएसआयने चढतो. म्हणून अनुभवी चालक ट्रॅकवर उतरण्यापूर्वी थंड टायरमधली हवा काही पीएसआयने कमी करतात, जेणेकरून तापल्यावर ती योग्य पातळीवर येईल. कंपनीने सांगितलेला थंड दाब ३२ असेल तर काही जण २७-२८ पासून सुरुवात करतात, आणि दर सत्रानंतर गाडी उभी करताच दाब मोजून जादा हवा सोडत जातात.

येथपर्यंत सारे ठीक. चूक होते ती संध्याकाळी. दमलेला चालक सामान भरतो, मित्रांचा निरोप घेतो आणि हमरस्त्याला लागतो. टायर रात्री थंड होतात, दाब २५-२६ वर उतरतो आणि गाडी सामानासह महामार्गावर शंभराच्या वेगाने धावू लागते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, बाजूची भिंत तापते, आणि पाऊस लागला तर वर सांगितल्याप्रमाणे तो लवकर तरंगतो. टायर फुटून होणारे अपघात समृद्धी महामार्गावर डिसेंबर २०२२ मध्ये वाहतूक सुरू झाल्यापासून सातत्याने चर्चेत आहेत. त्यामागे झिजलेले टायर, चुकीचा दाब आणि तासन्‌तास एकाच वेगात धावणे ही कारणे पुन्हा पुन्हा सांगितली जातात. ट्रॅकवर दिवसभर सोलून निघालेल्या टायरने असा प्रवास करायचा असेल, तर निघण्यापूर्वी दाब पूर्ववत करणे अपरिहार्य आहे. त्यासाठी स्वतःचा दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा. पेट्रोल पंपावरची यंत्रे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

नायट्रोजन भरल्याने या साऱ्यातून सुटका होते, असा समज प्रचलित आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा होतो तो कोरडेपणाचा. दमट हवेतील बाष्पामुळे दाब अधिक अनियमितपणे वाढतो. कोकणच्या दमटपणात तो फायदा थोडाफार जाणवेल, पण दाब मोजण्याला तो पर्याय नव्हे.

चाकांचा दुसरा संच आणि सदनिकेची गॅलरी

दोन संच ठेवणे हा शास्त्रशुद्ध उपाय. रोजच्यासाठी दुसऱ्या पायरीचे टायर, ट्रॅकसाठी हलक्या रिमवर चढवलेले अर्ध-स्लिक. अडचण व्यवहाराची आहे. चार चाके ठेवायची कोठे? वाहनतळाच्या कोपऱ्यात ठेवली तर सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. गॅलरीत ठेवली तर घरातल्या बैठकीत. त्यातच टायरला ऊन आणि ओझोन मानवत नाही, म्हणून गॅलरीतल्या उन्हात किंवा इन्व्हर्टरशेजारी ते ठेवूही नयेत. आणि ट्रॅकवर न्यायची कशी? छोट्या गाडीत मागची आसने पाडून चार चाके कशीबशी मावतात, दोन आसनांच्या गाडीत तेही नाही. काही जण चाके मालवाहतूक कंपनीमार्फत आधीच चेन्नईला पाठवतात, काही जण गाडीच उघड्या ट्रकवरून नेतात. वर्षाला चार-पाचपेक्षा कमी ट्रॅक दिवस असतील, तर हा खटाटोप न केलेला बरा.

दोन संच नसतील, तरी एक पथ्य पाळावे: चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. पुढे मऊ आणि मागे कडक अशी मिसळ केली, की ओल्या वळणावर गाडीचे मागचे टोक आधी सुटते. दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे घालावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर सामान्य चालकाला सावरायला वेळ मिळत नाही.

खरेदी करताना

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत घातली. त्यानंतर परवान्याखेरीज आयात थांबली आणि भारतात न बनणाऱ्या रुंद, बुटक्या मापांचा तुटवडा जाणवला. मोठ्या जर्मन गाड्यांच्या मालकांना त्याची झळ अधिक बसली, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांची मापेही वेगवेगळी असतात. उदाहरणार्थ, पोर्श ७१८ केमनच्या १८ इंची चाकांवर पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. असे टायर मागेपुढे फिरवून झीज सारखी करण्याची सोयही राहत नाही. गाडी निवडतानाच तिच्या मापाचा टायर सहज मिळतो का, हे पाहून ठेवावे. नवा टायर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण असल्याची खात्री करावी. २०११ पासून ती सक्तीची आहे.

दुसरी खात्री जन्मतारखेची. भिंतीवरील लंबगोलातल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे: ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. क्वचित खपणाऱ्या मापांचे टायर गोदामात दोन-तीन वर्षे पडून असतात. रस्त्याच्या टायरला एवढे वय फारसे बाधत नाही, पण मऊ रबराच्या टायरमध्ये ते पकडीतून वजा होते. ‘अगदी नवा, एकदाच वापरलेला’ म्हणून मिळणारे अर्ध-स्लिक टायर घेऊ नयेत. खाचा शिल्लक दिसल्या तरी अनेकदा तापून थंड झालेले रबर कडक झालेले असते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

उल्हासनगर-अंबरनाथच्या दुकानांत टायर चढवून घ्यायचा असेल, तर बुटक्या टायरसाठी रिमला न ओरखडणारे यंत्र आहे का, हे आधी विचारावे. नवा टायर दोनशे-तीनशे किलोमीटर सौम्यपणे चालवल्याशिवाय ट्रॅकवर नेऊ नये. चाकांचे अलाइनमेंटही वापरानुसार ठरवावे लागते. ट्रॅकसाठी चाके वरून आत कललेली असली तर वळणात टायर पूर्ण टेकतो, पण रोजच्या सरळ प्रवासात आतली कड आधी झिजते. बाहेरून पाहताना टायर ठणठणीत आणि आतल्या बाजूने अगदी गोटा, असे दृश्य त्यामुळे दिसते. दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहण्याची सवय लावून घ्यावी.

घरी निघण्यापूर्वी

शेवटच्या सत्रानंतरची एक फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी. मग गाडी उभी करून चारही टायर हाताने चाचपावेत. माथ्यावर चिकटलेला ट्रॅकवरचा रबराचा चुरा पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये निघून जातो. तोवर गाडी थरथरते, ते घाबरण्याचे कारण नाही. पण ठोकळ्यांचे लचके निघाले असतील, धागे दिसत असतील किंवा भिंतीला फुगा असेल, तर त्या टायरवर तेराशे किलोमीटर येऊ नये. जागीच टायर बदलावा किंवा गाडी ट्रकवर चढवावी. चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. तापल्या-निवाल्याने ते सैल होतात. अनेक नव्या गाड्यांत जादा चाक नसते, केवळ पंक्चर दुरुस्तीची पेटी असते, आणि फाटलेल्या भिंतीवर तिचा काही उपयोग होत नाही.

विम्याची गोष्ट बहुतेकांना नुकसान झाल्यावर कळते. खासगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात आयोजित शर्यती आणि वेगचाचण्या यांना संरक्षण नसते. ट्रॅकवर भिंतीला धडकलेल्या गाडीचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. तेवढ्यासाठी ट्रॅक टाळून मध्यरात्री बोरघाटात किंवा माळशेजमध्ये टायरची परीक्षा घेणारेही आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. घाटातल्या वळणापलीकडे भाजीचा टेम्पो उभा असतो. ट्रॅकवरच्या वळणापलीकडे झेंडा घेतलेला माणूस.